गार्डाची टोपी

अंगठा घसरला. झालं एवढंच. गाडी सोडण्याआधी गार्डाला डोक्याला धरून इंजिनाकडे तोंड करून उभं करायचं, हा त्या घरातला नियम होता. त्यानं टेबलावर वाकून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत गार्डाची टोपी धरली, आणि चिमूट बसलीच नाही. बोटाएवढा गार्ड निसटून फलाटावर आडवा पडला. टोपी गुळगुळीत होती. इतकी वर्षं अंगठ्याला दोन खळगे लागायचे, पलीकडून तर्जनीला दोन लागायचे, आणि बोटं न बघता त्यांत जाऊन बसायची. आज तिथं काहीच नव्हतं. त्यानं गार्डाला उचलून दिव्याखाली धरलं. गडद निळी टोपी, तिला लाल पट्टी, कोटाला पिवळी बटणं, हातात हिरवा झेंडा, आणि पूर्वी कधीच नव्हती अशी नाकाखाली बारीक मिशी. मागं बायको उभी होती, टर्पेंटाइनच्या फडक्याला हात पुसत.

"कसा दिसतोय?" तिनं विचारलं.

"नवा," तो म्हणाला.

तिला ते कौतुक वाटलं. ती हसली, आणि त्याचा धंदाच दातांचा असल्यामुळे त्याच्या लगेच लक्षात आलं की तिचे वरचे दात आपण फार दिवसांत पाहिलेले नाहीत. दोन वर्षं या खोलीतल्या टेबलावर पांढरी चादर होती. आज तो कवळ्यांच्या लॅबमधून आला तर चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली, खिडक्या उघड्या, आणि डोंगर, बोगदा, दोन्ही स्टेशनं, पूल, सगळं पाहुणे यायच्या दिवशी आवरावं तसं आवरलेलं. बायको आठवडाभर कारखान्यातून लवकर येत होती; त्याला वाटलं होतं काम कमी असेल. ती एकेक गोष्ट दाखवत सुटली. रूळ फडक्यानं पुसले, सांध्यांना तेल घातलं, स्टेशनाचं छप्पर नवं रंगवलं. "इंजिनाला हात नाही लावला हो. डब्यांनाही नाही. तुमचा नियम माहितीये मला. नुसती धूळ झटकली." नियम त्याचाच होता. जुन्या गाडीला रंग लावायचा नाही, पोपडे असतील तर पोपड्यांसकट, ओरखडे असतील तर ओरखड्यांसकट ठेवायची. रंगवलेली जुनी गाडी म्हणजे मेलेली गाडी, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. फक्त माणसांबद्दल तो कधी काही बोलला नव्हता. गार्ड, हमाल, बाकावरची म्हातारी, ही शिशाची माणसं त्याच्या नियमात आलीच नव्हती, आणि बायकोनं नियम अक्षरशः पाळला होता. माणसं तेवढी रंगवली होती. ती सांगत होती, गार्डाची टोपी फार चेपली होती, झिजली होती बिचाऱ्याची, मी रंगाऱ्याची लांबी भरून सारखी केली. तो हूं हूं करत राहिला. दुसरं काय करणार होता?

ती कपबशांच्या कारखान्यात कडा रंगवायची. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, कुंचला टेकवायचा, हात हलवायचा नाही. चाक एक फेरी घेतं आणि रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळते. जोड दिसता कामा नये. जोड दिसला की कप दुय्यम मालात. लग्नाआधी तो तिला कारखान्याच्या फाटकाशी भेटायला जायचा तेव्हा तिच्या नखांत सोनेरी रंग असायचा. त्याच्या नखांत प्लास्टर. दोघंही हाताची माणसं, त्यामुळे बोलणं कमी आणि काम फार, असा त्यांचा संसार झाला. ही गाडीही दोघांनी मिळून उभी केलेली. दुकान मोडणाऱ्या एका म्हाताऱ्या खेळणीवाल्यानं त्याला कवळीच्या बदल्यात ती दिली होती: पत्र्याचं काळं इंजिन, तीन पट्ट्यांचे रूळ, आणि ज्यांच्या खिडक्यांत माणसांचे चेहरे छापलेले आहेत असे चार डबे. टोपीवाला गृहस्थ, पेपर वाचणारा गृहस्थ, बाळ घेतलेली बाई. तीच तीन माणसं पुन्हा पुन्हा, प्रत्येक डब्यात. ट्रान्सफॉर्मर सुरू केला की आधी गुणगुण, मग खोलीभर ठिणगीचा तो तुरट वास. शिट्टी मात्र मोडकी होती. आणि डोंगर लॅबमधल्या टाकाऊ साच्यांचा: परक्या माणसांचे प्लास्टरचे जबडे एकावर एक रचून त्यानं वरून गोणपाट आणि चुना थापला होता, आणि बायकोनं त्यावर गवत, वाटा, सावल्या रंगवल्या होत्या. डोंगर चावेल एक दिवस, असं ती म्हणायची. डोंगर कधी कुणाला चावला नाही. चावणारी वेगळीच होती.

मुलीला घरात सगळे शिट्टी म्हणायचे. इंजिनाची शिट्टी मोडकी, म्हणून बोगद्याच्या तोंडाशी गाडी आली की दोन बोटं तोंडात घालून ही वाजवायची. पुढं कॉलेजात गेली तरी वाजवायची, आणि शेजारची बाई भिंतीवर थाप मारायची. पण चावण्याची गोष्ट त्याच्याही आधीची आहे, ती चालतही नव्हती तेव्हाची. बायको आजारी वडिलांना बघायला दिवसभर माहेरी गेली होती. त्यानं पहिल्यांदाच रूळ जमिनीवर मांडले होते, नुसता गोल, आणि सतरंजीवर पोर. गाडी फिरत होती, पोर मान वळवून वळवून बघत होतं, आणि तो कुठला तरी सांधा नीट करत खाली वाकला तेवढ्यात गार्ड तिच्या तोंडात. करंगळी घालून काढेपर्यंत तिनं चांगला चावला होता. शिसं मऊ असतं. टोपीच्या पुढच्या बाजूला वरच्या दोन दातांचे खळगे, मागं खालच्या दोन दातांचे. त्यानं आधी तिचं तोंड धुतलं, मग गार्डाला दिव्याखाली धरलं, आणि सवयीनं वाचला तो चावा: मधले चार आलेत, वरचा डावा जरासा आत वळलाय. उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ माप त्याला कुणी दिलं नव्हतं. बायकोला त्यानं सांगितलं नाही. तिच्या कारखान्यात रंगात शिसं असायचं, ती कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय मुलीला घ्यायची नाही, आणि ही शिशाची माणसं फेकून द्या म्हणून तिनं आधीच दोनदा बजावलं होतं. सांगितलं असतं तर सगळं स्टेशन कचऱ्यात गेलं असतं. पुढं मुलगी मोठी झाल्यावर त्यानं तिला सांगितलं, आणि ते त्या दोघांचं गुपित झालं. गार्डाला वळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम तिनंच काढला, कारण वळवताना बोटं तिथंच जायची. आपला चावा आहे तो, असं ती ऐटीत म्हणायची, जणू काही टोपीवर सहीच केली आहे.

मग ती शिकायला दूरच्या शहरात गेली आणि तिथं तापानं गेली. यात सांगण्यासारखं काही नाही. ताप आहे म्हणून फोन आला, उतरतोय म्हणून आला, आणि मग तिसरा आला. परत आल्यावर बायकोनं महिन्याच्या आत तिची खोली रिकामी केली. कपडे दिले, पुस्तकं दिली, गादीसुद्धा दिली. वस्तू दिसली की तिला श्वास घेता यायचा नाही, हे त्याला कळत होतं, म्हणून तो गप्प राहिला. पिशव्या खाली नेऊन द्यायलाही त्यानंच मदत केली. कंगव्यातले केस कुणीतरी काढून टाकले होते. उशीचा अभ्रा धुऊन गेला होता. फोटो होते, पण फोटोत माणूस नुसता दिसतो. तिच्या अंगाचा दाब जिच्यावर पडलाय अशी एकच वस्तू घरात उरली होती, आणि ती चादरीखाली, फलाटावर, बायकोच्या डोळ्यांआड सुरक्षित उभी होती. लॅबमधून आल्यावर तो त्या खोलीत जायचा, चादरीच्या कडेखालून हात सारायचा, चाचपत स्टेशन गाठायचा आणि टोपी चिमटीत धरून थोडा वेळ उभा राहायचा. बस्स. मग हात काढून चहाला जायचा. त्याला वाटायचं, हे कुणाला दिसत नाही.

"चादरीखाली हात घालून उभे असायचात रोज," बायको म्हणाली. "मला कळत नाही का? गाडीवाचून जीव जातोय माणसाचा, आणि माझ्यासाठी म्हणून चादर काढत नाही."

तिच्या बहिणीनं तिला म्हणे सुचवलं होतं, तूच काढ चादर, त्यांच्यानं नाही व्हायचं. आणि तिनं काढली होती. पहिल्या दिवशी कुंचला धरवेना, असं ती सांगत होती. मग म्हातारीची शाल रंगवली, मग हमालाचं सामान, मग हात बसला. शेवटी गार्ड, कारण तो तुमचा लाडका. चादरीखालचा त्याचा हात तिनं पाहिला होता, त्या हाताचा अर्थ तिनं लावला होता, आणि दोन वर्षांच्या काळोखातून स्वतःला ओढून काढून त्याला ही भेट दिली होती. या बाईला आता काय सांगायचं? की तू जे भरून काढलंस ते भरायचं नव्हतं?

"चला, सोडा ना गाडी," ती म्हणाली.

त्यानं गार्डाला कोटाला धरून वळवलं. दांडा पुढं सरकवला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, इंजिन एकदा आचका देऊन हललं, आणि टोपीवाला, पेपरवाला आणि बाळ घेतलेली बाई फलाटावरून निघाले. पुलावर पत्र्याचा खडखडाट झाला. बोगद्याच्या तोंडाशी गाडी आली तेव्हा बायकोनं नकळत मान जराशी वळवली, त्यानंही वळवली, दाराकडे. गाडी गुपचूप बोगद्यात शिरली आणि गुपचूप पलीकडून बाहेर आली. बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. पुन्हा, ती म्हणाली.

नंतरचे दिवस त्याला कठीण गेले. बायको जेवू लागली होती. मांडी घालून रेल्वे फाटक बनवत बसायची, त्याला विचारायची, फाटकवाल्याला कंदील देऊ की झेंडा. शेजारणीला बोलावून तिनं गाडी दाखवली. आणि त्याला तिचा राग यायचा. काठोकाठ राग, जेवताना, कपात चहा ओतणारा तिचा हात बघताना, तो हात किती सफाईनं खळगे बुजवत गेला असेल हे डोळ्यांपुढं येऊन. तुला सगळं देऊन टाकायचं होतं, सगळं धुवायचं होतं, आणि शेवटचं हेही तू पुसलंस. असं मनात आलं की लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटायची, कारण तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं ते त्याच्यामुळेच. मग तो गाडी सोडायला उठायचा. अंगठा रोज गुळगुळीत टोपीवरून घसरायचा. लॅबमध्ये मेणात दात लावताना मध्येच त्याच्या मनात येई की लांबीखाली खळगे असतीलच की. भरलेला दात कोरता येतो, तशी टोपी का नाही कोरता येणार? आणि पाठोपाठ दुसरा विचार येई: भरण्याआधी तिनं घासलं तर नसेल? लांबी धरावी म्हणून कडा आधी पॉलिशपेपरनं घासतात. चांगला कारागीर घासतोच. ती चांगली कारागीर होती.

शेवटी एके दिवशी त्यानं गार्डाला रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि लॅबमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर गार्डाला मेणाच्या गोळ्यात छातीपर्यंत रोवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि सगळ्यात बारीक सुरी घेतली. निळा रंग निघाला. खालची लांबी खडूसारखी, भुरभुर निघत होती. त्यानं श्वास धरून मागच्या बाजूनं सुरुवात केली. खालच्या दातांचे खळगे उथळ लागले. तिथं कागद फिरला होता. एक तर होता-नव्हता झाला होता. त्यानं सुरी खाली ठेवली, हात मांडीवर पुसले, टेबलाची कड धरून नुसता बसून राहिला. पुढची बाजू बघायचा धीर होईना. मग सुरी पुन्हा उचलली. पुढं टोपीचा काठ आड आला होता, कागद आत पोचला नव्हता. भुकटी फुंकली आणि वरचे दोन्ही खळगे दिसले, जसेच्या तसे, आणि डावा आत वळलेला. तो मोठ्यानं काहीतरी बोलला. काय, ते त्यालाही आठवत नाही.

पुढचं हातांनी केलं. खळग्यांना व्हॅसलीनचं बोट लावलं. दात बनवायचं ॲक्रिलिक कालवायचं तर रंग कुठला? शेड बघायच्या पट्टीवर दुधाच्या दाताचा रंग नव्हताच, मोठ्या माणसांसाठी असते ती पट्टी. त्यानं सगळ्यात उजळ रंगात पांढरा मिसळत मिसळत तो आणला. टोपीच्या पुढं एक ठिपका दाबला, मागं एक. घट्ट होईपर्यंत थांबला. नखानं सोडवले. आजवर त्यानं शेकडो माणसांना दात करून दिले होते, पण ते त्याच्या मनानं केलेले. हे त्यानं केलेले नव्हते. खळग्याचा उलटा साचा म्हणजे दातच. तळहातावर दोन इवल्या चकत्या होत्या, एकीवर वरचे दोन दात उभे, दुसरीवर खालचे, त्यांतला एक जेमतेम. तेवढ्यात लॅबचा मालक टूथपिक चघळत आत आला आणि खांद्यावरून डोकावला. अरे, हे तर दुधाचे दिसतात, कुणाची केस आहे, त्यानं विचारलं. दुधाच्या दातांना कवळी करतं का कुणी.

"कवळी नाही," तो म्हणाला. "माप तेवढं घ्यायचं होतं."

मालकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्यानं टोपी पुन्हा भरली, घासली, निळा रंग मिळवला. रंग मिळवण्यात त्याला कुणी हरवलं नसतं. लाल पट्टी ओढली, मेणातून काढताना झेंड्यावर पडलेला ओरखडा बुजवला. बायकोची भेट तिला जशीच्या तशी परत मिळायला हवी होती. ती आनंदात आहे, आणि आपल्या खिशात दोन चकत्या आहेत, दोघांचंही भागलं. असा हिशोब करत तो घरी आला, आणि ती स्वयंपाकघरात असताना गार्डाला फलाटावर उभं केलं.

जेवणाआधी गाडी सोडायची वेळ झाली. त्यानं ट्रान्सफॉर्मर लावला. बायको नवं फाटक घेऊन आली, ते रुळांशी बसवायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग तिनं गार्डाला उचललं आणि खिडकीशी नेलं. उजेड अजून होता. तिनं त्याला बोटांत एकदा गोल फिरवलं.

"ही रेघ माझी नाही," ती म्हणाली.

ती शांतपणे म्हणाली, माझ्या रेघेचा जोड दिसत नाही, हिचा मागं दिसतो. आवाजात राग नव्हता, पण दोन वर्षांपूर्वीचं ते सपाटपण परत यायला लागलं होतं, आणि ते त्याला ऐकवेना. माझं काम आवडलं नाही, एवढंच तिला त्यातून कळणार होतं. मग त्यानं सांगितलं. फार कमी शब्दांत सांगितलं: तू माहेरी गेली होतीस, गाडी जमिनीवर होती, मी खाली वाकलो होतो. टोपी झिजलेली नव्हती. सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, बोगद्याकडे पाहिलं.

"शिसं होतं ते," ती म्हणाली. "तोंडात घालू दिलंत तुम्ही तिला?"

"धुतलं लगेच. काढलं आणि धुतलं."

"नीट धुतलं होतं?"

"नीट धुतलं होतं गं."

वीस वर्षांपूर्वी रागवायचं राहून गेलेलं ती आता रागवत होती, आणि ते करताना तिच्या ध्यानात आलं असावं की आता कुणाला काही होणार नाहीये. कारण ती मध्येच थांबली आणि खिडकीच्या कठड्याला टेकली. मी घासलं हो ते, ती म्हणाली. पॉलिशपेपर लावून घासलं मी. हे ती दोनदा म्हणाली. त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि तिच्यापुढं धरला. आधी तिला काही कळलं नाही. मग तिनं बोटाच्या टोकानं वरची चकती आपल्याकडे वळवली.

"डावा वाकडा," ती म्हणाली. "दूध पिताना हाच लागायचा मला."

तिनं एक चकती अंगठ्यावर घेतली, दुसरी तर्जनीवर. बाही वर केली आणि दंडाच्या आतल्या मऊ बाजूला चिमूट धरून दाबली. सोडली तेव्हा कातडीवर खुणा होत्या, समोर दोन, मागं एक आणि एक पुसटशी. मागं ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता आणि गाडी उभीच होती. खुणा आधी पांढऱ्या होत्या, मग लाल झाल्या, मग हळूहळू भरून यायला लागल्या. त्या पूर्ण जाईपर्यंत दोघं बघत राहिले.

"इतकं हळू नाही चावायची ती," बायको म्हणाली, आणि पुन्हा दाबलं, जोरात.